साडूबुवांचा पुठ्ठ्याचा फोन

सोपी गोष्ट अवघड करून ठेवणारी माणसं पावलोपावली भेटतात. पण अवघड गोष्ट सोपी करण्याच्या नादात सगळ्या नातेवाइकांना वेड लागायची वेळ आणणारा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. गंमत म्हणजे सरकारी नोकरीत या गृहस्थांनी तीस वर्षं छापील अर्ज तयार केले. ‘अर्जदार हयात आहे काय? असल्यास पुरावा जोडावा’ हे वाक्य आपलंच, असं ते पूर्वी अभिमानाने सांगत. हल्ली मान खाली घालून सांगतात.

मान खाली जायचं कारण घरातच घडलं. आमच्या सासूबाई साडूबुवांकडेच असायच्या. सहा वर्षं अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं ताई करायच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, साडूबुवांची बायको. सासूबाई गेल्या आणि ताईंचं बोलणंच थांबलं. आमटीत मीठ घातलंय का विचारलं तरी भिंतीकडे बघत बसायच्या. साडूबुवा डॉक्टर शोधायला फोन घेऊन बसले. पहिल्या ॲपने विचारलं, मानसोपचारतज्ज्ञ हवा, मानसशास्त्रज्ञ हवा की समुपदेशक? दुसऱ्याने बेचाळीस प्रश्न विचारून झाल्यावर पासवर्ड मागितला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. तिसऱ्याने मात्र झटक्यात कामणचा पत्ता दिला. ताईंना रिक्षात बसवून हे तिथे पोचले, तर समोर गाद्यांचं गोदाम! साडूबुवा फोनवर चिडचिड करत गोदामाला दोन प्रदक्षिणा घालून आले, तोवर तिथल्या वॉचमनने ताईंना स्वतःची खुर्ची दिली होती, चहा दिला होता आणि “क्या हुआ, माताजी?” एवढंच विचारलं होतं. तीन महिन्यांत ताई पहिल्यांदा बोलल्या. चांगल्या तासभर बोलल्या. साडूबुवा गाद्यांच्या थप्पीवर बसून ऐकत राहिले.

पुढे शेजारणीच्या ओळखीने ताईंना चांगल्या डॉक्टर मिळाल्या आणि त्या हळूहळू सावरल्या. साडूबुवा मात्र हातचे गेले. “वॉचमनला जमतं ते ॲपला का जमू नये?” हा एकच प्रश्न. त्यांची मुलगी संगणकातली, ती प्रोग्रॅम लिहायला तयार झाली. पण आधी चाचणी झालीच पाहिजे म्हणून साडूबुवांनी पुठ्ठ्याचा फोन कापला. त्यात हाताने रंगवलेले कागदी पडदे. समोरच्याने बोट टेकवलं की साडूबुवा तोंडाने ‘टिंग’ म्हणायचे आणि कागद बदलायचे. हा फोन घेऊन ते बारशाला आले, मुंजीला आले. एका न्हाव्याने यांची अर्धी दाढी करून वस्तरा बाजूला ठेवला आणि पुढचे तीन पडदे दाबून पाहिले. माझ्या बायकोने ‘मन कसं आहे?’ या प्रश्नावर ‘छान’ सांगितलं, तर केवढे वैतागले! “अगं, छान असलेल्या माणसासाठी पडदाच काढला नाही मी! दोन मिनिटं जरा दुःखी हो बघू.” ती बिचारी झाली. म्हणजे तसा चेहरा तरी केला.

खरी परीक्षा पाचूबंदरला झाली. मासळीचा लिलाव आटोपून टोपली धुणाऱ्या एका कोळीण मावशींपुढे साडूबुवांनी फोन धरला. पडद्यावर मोठ्या हौसेने काढलेला मेंदू.

“ह्यो कोलंबीचा गोला काय?” मावशींनी विचारलं.

“मेंदू आहे, मावशी. आता खालच्या चौकटीत तुमचं वय…”

“थांब. मानूस रडत दारात आला तं पहिलं पानी देशील, का नाव-गाव लिवत बसशील?”

साडूबुवांनी तिथेच सगळे कागद फाडले. सहा महिन्यांची मेहनत. मग धक्क्यावर बसून म्हणाले, “तीस वर्षं मी रडणाऱ्या माणसांना नाव-गावच विचारलं हो.” मी त्यांना चहा पाजला.

आता त्या ॲपमध्ये नोंदणी नाही, पासवर्ड नाही. ‘काय होतंय?’ असं विचारतं, तुम्ही तुमच्या बोलीत बोलायचं. आणि सगळ्यात मोठं बटण आहे ‘सांगता येत नाही’. ते दाबलं तरी जवळच्या डॉक्टरचा फोन लागतो. पण नुसत्या पत्त्यावर साडूबुवांचा विश्वास उरलेला नाही. प्रत्येक दवाखान्यात ते स्वतः पेशंट बनून जातात आणि वहीत शेरे लिहितात. ‘जिन्यात दिवा नाही.’ ‘बाहेरची मुलगी नाव मोठ्याने पुकारते, समजावून सांगितलं.’ ‘डॉक्टर चांगले, पंखा भीतिदायक.’

नालासोपाऱ्याच्या एका दवाखान्यात गेले तेव्हा मी बरोबर होतो. दहा मिनिटांचं काम म्हणून आत गेले, ते तासाने बाहेर आले. डोळे लालभडक.

“काय शेरा?” मी विचारलं.

“रुमाल विसरला तर हरकत नाही, आत कागदी मिळतात,” ते म्हणाले. मग अर्धा रस्ता चालून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “सहा वर्षं मीही होतो हो त्या घरात. आईंना कुशीवर मीच वळवायचो.”

ॲप आता बरं चालतंय. निदान गोदामात तरी कुणाला पाठवत नाही. साडूबुवा मात्र दर गुरुवारी त्या नालासोपाऱ्याच्या दवाखान्याची ‘फेरतपासणी’ करायला जातात. एकाच दवाखान्याची इतकी फेरतपासणी कशाला, असं घरात कुणी विचारत नाही. ताई तेवढ्या त्याच सुमाराला वसईहून नालासोपाऱ्याला केळी घ्यायला जातात. घरामागे केळीची बाग आहे. तरी दवाखान्यासमोरच्या गाडीवर एकेक फणी उचलून बघत उभ्या राहतात, साडूबुवा जिना उतरून खाली येईपर्यंत.