आधी स्वतःची मालिश

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या मालिशवाल्याला मालिशवाला म्हटलेलं खपायचं नाही. मिल बंद पडून नोकरी गेली, तशी या साहेबांनी भंवरकुआंला कुठलंसं शिबिर केलं आणि परतले ते थेट ‘बॉडी थेरपिस्ट’ होऊन. गिऱ्हाईक तेल लावून बाकड्यावर कुडकुडतंय आणि हा कोपऱ्यात डोळे मिटून स्वतःला जपत बसलेला! “भिया, पहले खुद को भरो. मीच रिकामा, तर तुम्हाला काय देणार?” मग हातांवरची ‘निगेटिव’ ऊर्जा बंद मिलच्या चिमणीकडे झटकायचा. तिचं बिचारीचं आणखी काय वाईट होणार होतं?

एकदा मी माझ्या काकांना त्याच्याकडे नेलं. तेही त्याच मिलमधले, ती बंद पडल्यापासून घरीच होते. त्या दुपारी पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात त्यांची ट्रायल होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. थेरपिस्टनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग काकांकडेच पाठ करून बसला. “आज माझीच मान धरलीय. जरा दाबून द्या काका, फिर आपका देखते हैं.”

काका मान दाबत राहिले. “और नीचे, काका,” हा सुखानं गुणगुणला. तशी काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे हरामखोरा!” म्हणत त्यांनी थप्पड उगारली, आणि तो उजवा हात सरळ डोक्याच्या वर गेला. काका आपल्या हाताकडे बघतच राहिले.

यानं एक डोळा उघडला. “देखा काका? माझी मान सुटली, तुमचा खांदा सुटला. आता ट्रायलला पळा.”

काका पळाले. थप्पड मारायची राहूनच गेली, याची मला अजून हळहळ वाटते.