धुंडीचं नाव

उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावर फुलसिंग होळीची गाणी, लेंगी, गायचा. डफ त्याचा, गोरबोलीतला सूरही त्याचाच. बाकीचे मागून सूर ओढत. वर्षात ज्या घरी मुलगा झाला, त्या दारात होळीला धुंड होई. बाळावर चादर धरत आणि लेंगीत त्याचं नाव येई. एकदाच. मग ते मूल तांड्याचं.

बासष्ट साली धुंड फुलसिंगच्याच दारात होती. सून धनीबाईला सेवादास झाला होता.

उन्हाळ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक होती. होळीच्या दिवशी तांड्याचा नाईक धरमसिंग दुपारीच आला.

"फुल्या, निवडनुकीले उभे हायेत ते भगवानराव येऊन राह्यले. लेंगीत त्यायचं नाव घे."

"लेंगीत लेकराचं नाव येते. भगवानरावले मिशा हायेत."

"मस्करी नोको करू. विहीर देतो म्हणते तो मानूस."

"मंग विहिरीवर गाईन. पानी लागू दे."

"तुह्या सुनेलेच कोसभर जा लागते पान्याले. पोट्टे म्हणतात, म्हातारा कायले अडून बसला?"

फुलसिंगला आता भांडायचाही कंटाळा आला होता.

संध्याकाळी त्यानं गायलं. बाळाच्या नावाच्या जागी भगवानराव आले. मागच्यांनी सवयीनं ओढलं.

"धरा वो चादर याच्यावर बी!" एक म्हातारी ओरडली. तांडा हसला. भगवानरावांना तो मान वाटला. त्यांनी हात जोडले.

धनीबाई सासऱ्याशी बोलत नसे, रीतच तशी. घुंगटाआडून ती बाळालाच म्हणाली, "चाल बाबू घरात. तुह्यं नाव दुसऱ्यानं नेलं."

फुलसिंगनं डफ आढ्याला टांगला. पुढच्या होळीला पोरं बोलवायला आली. "गळा बसला," तो म्हणाला. गळा मग बसलेलाच राहिला. विहीर मात्र झाली. धनीबाई तिचंच पाणी भरी, फुलसिंग तेच पिई.

सदुसष्टला पुन्हा निवडणूक होती; होळीला दुसऱ्या पक्षाची जीप आली.

"आता तं गळा सोड, फुल्या," नाईक म्हणाला. "का डॉक्टर आनू?"

फुलसिंग उठला. डफ काढून जाळावर शेकला. जीपवाले खुशीत पुढे सरकले. त्यानं चादर मागितली. सेवादास आता पाच वर्षांचा. तो लाजून चादरीखाली बसेना. नाईकानंच त्याला दाबून बसवलं.

आवाज फाटला होता. तरी नावापाशी तो पोचला. सेवादास. मागच्यांनी ओढलं.

गाणं संपलं. जीपवाले अजून वाट पाहत होते. फुलसिंग डफावर हात ठेवून धापा टाकत होता.

घुंगट हलला. "बाबू," धनीबाई पोराला म्हणाली, "आज्याले पानी दे."