तरोट्याचा वाफा

आंजी गावाच्या कडेला आमचा लेआऊट नवा. सगळ्यांची अंगणं फरशीची, धुतली की चकचकीत. फरशीवाल्याशी मी अर्ध्यातच भांडून बसलो, म्हणून आमच्याकडे भिंतीलगत मातीचा एक पट्टा उरला. त्यात बायकोने कोहळ्याचा वेल लावला. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला घरच्या वेलाचं कोहळं असावं, एवढीच तिची इच्छा. पण मागच्या पावसाळ्यात फुलांखालचं सुपारीएवढं फळ पिवळं पडून गळायचं. ती ते उचलायची आणि माझ्याकडे बघायची.

फळ धरायला मधमाश्या लागतात आणि फरशीच्या वस्तीत त्या येतील कशाला, हे मी मोबाईलवर वाचून शोधून काढलं. उपाय होता रानफुलांचा. "यंदा रानफुलांचा वाफा करतो," असं मी ऐटीत जाहीर केलं. कोणती फुलं, ते सांगितलं नाही. कारण हिवाळ्यात रस्त्याकडेच्या वाळल्या शेंगा फोडून मी जमवलेलं बी तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, होतं. जे तण उपटता उपटता लोकांचं कंबरडं मोडतं, ते मी कोमट पाण्यात भिजवून, दोरी लावून, सरळ ओळीत पेरलं. तेही शेजारचे भाऊ दुकानात गेल्यावर.

बी झकास उगवलं. मग मी काही दिवस मुलीकडे नागपूरला गेलो. परतलो त्या दुपारी ताटात भाकरी आणि पालेभाजी होती. दोनदा मागून घेतली.

"मस्त झाली. कुठून आणली?"

"तुमच्याच वाफ्यातली. फुलं तं काई उगवली नाई, नुसता तरोटाच माजून राह्यला होता. म्हटलं कवळा आहे, खुडून घ्यावा. शेजारीबी दिली वाटीभर."

खरं सांगावं लागलं.

"तरोटा? पेरला? तुमी?" तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

बातमी भिंतीपलीकडे गेलीच; संध्याकाळी भिंतीवरून शेजारचे भाऊ डोकावले. "भाऊ, भाजी लय भारी होती. गाजरगवत पायजे काय? आमच्या प्लॉटवर मस्त आहे. बी फुकट!"

खुडलेल्या शेंड्यांखाली मात्र फांद्या फुटल्या आणि निम्मा श्रावण सरता सरता पट्टा पिवळाधमक झाला. मी रोज नऊच्या सुमारास चहाचा कप घेऊन पाहणीला उभा राही. मधमाश्या तरोट्यावर, कोहळ्याचं फूल मिटलेलं. शेवटी मी निकाल दिला, "माश्या आल्या, पण तुझ्या वेलाकडे ढुंकून पाहत नाहीत. फसलं."

"तुमी उठता तवा फूल मिटून जाते. दिवस उगवताना आलते काय कधी इकडं?" असं म्हणत तिने एक पान बाजूला सारलं. खाली नारळापेक्षा मोठं कोहळं.

"अगं, हे बघ!" मी बोट रोखलं. तिने फाडकन हातावर मारलं.

"बोट नका दाखवू, कुजते! म्हणून तं सांगतलं नाई तुमाले."

महालक्ष्म्या यायच्या होत्या. तोवर मी त्या कोपऱ्यात हात पाठीमागे बांधूनच फिरलो. विज्ञान माझ्या बाजूने होतं, पण कोहळं कुजलं असतं तर विज्ञानाला कोणी विचारलं नसतं.