ओवीतली माझी आरोळी

माझ्या स्टुडिओला कुणी स्टुडिओ म्हटलं की मला संकोच वाटतो आणि खोली म्हटलं की राग येतो. घराच्या वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची जागा, चारही भिंतींवर खिळे ठोकून टांगलेल्या चादरी, टेबलावर कॉम्प्युटर, समोर माइक. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. सोलापुरात एप्रिल महिन्यात पंखा बंद करून, दार लावून बसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शेजारी यंत्रमागाची शेड आहे. माग थांबले तरच मला काम करता येतं, त्यामुळे शेजाऱ्याशी माझं पाच वर्षं बोलणं नाही.

बोलणं नाही अशी माणसं माझ्या आयुष्यात बरीच आहेत. मी हळदीची, वरातीची, मिरवणुकीची गाणी करतो. एकदा मी केलेलं हळदीचं गाणं एकाने सरळ उचललं, त्यावर स्वतःचा टॅग मारला, आणि माझ्याच चुलत भावाच्या हळदीत मला ते ऐकावं लागलं. टॅग म्हणजे गाण्याच्या मध्येच घुमवून सोडलेली, गाणं करणाऱ्याची आरोळी. आमच्या धंद्यात टॅग नसलेलं गाणं बेवारस. त्या दिवसापासून मीही माझी आरोळी करून ठेवली : ‘सरका बाजूला, सोलापूरचा बाप आला!’ फाइल बाहेर काढली की दर चाळीस सेकंदांनी ती आपोआप पडेल, अशी सोयच लावली. बायको म्हणाली, “जरा कमी टाका की. गाणं कुठंय ते हुडकावं लागतंय.” तिच्याशीही मी दोन दिवस अबोला धरला.

अशात एक म्हातारा आला. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला धनगर, बिरोबापुढे ओव्या म्हणणारा. सोबत त्याचा मुलगा. तो टेम्पो चालवायचा आणि बापाला घेऊन कुंभारीला राहायचा. म्हाताऱ्याला घशाचा कॅन्सर होता. मुलगा म्हणाला, “डाक्टर परवा आवाजाची पेटीच काढणार हायत. त्याआदी आबांची ओवी धरून ठिवायची हाय. मला येत न्हाय.”

म्हाताऱ्याने भिंतींवरच्या चादरी निरखून पाहिल्या. “हितं थंडी लई वाजती व्हय?”

मी हसलो नाही. दोघांचे मोबाइल बंद करून बाहेर ठेवायला लावले, तो माझा नियमच आहे. हेडफोन दिला, तर म्हाताऱ्याने तो काढून टेबलावर आपटला. आपटला म्हणजे आपटलाच, अजून त्याची एक बाजू खरखरते. मग कानावर हात ठेवून त्याने ओवी धरली. सुरुवात जरा डळमळीत झाली, म्हणून मी थांबवून म्हणालो, पुन्हा घ्या. तो माझ्यावर डाफरला, “देवाची ओवी पुन्ना पुन्ना घेत न्हाईत. गप बस की.” माझ्याच घरात मला गप बस म्हणणारा तो पहिला माणूस. मी गप बसलो.

बारा मिनिटं तो गात होता. ओळ दोन-दोनदा येई, आणि शेवटी नावं : ही ओवी त्यांच्या घरात ज्या ज्या गाणाऱ्याकडून आली, त्या सगळ्यांची, जुन्यातल्या जुन्यापासून त्याच्या बापापर्यंत. नावं मात्र एकेकदाच. तोवर त्याचा आवाज पार फाटला होता आणि मुलगा जमिनीकडे बघत बसला होता. मला ती ओवी फार आवडली. पण हे म्हाताऱ्याला सांगावं, असं काही वाटलं नाही, कारण त्याने आपटलेला हेडफोन अजून डोक्यात होता.

संध्याकाळी आवाजाला थोडी गोलाई देऊन मी फाइल काढली आणि न ऐकताच मुलाला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात. म्हातारा खाली टेम्पोत बसलेला, दोघं दवाखान्यात भरती व्हायला निघाले होते.

“मधी मधी कोण बोंबलतंय त्ये?”

“मी. तो टॅग आहे.”

“काढा की. आमच्या गाणाऱ्यांची नावं चालल्यात, आन त्यावर तुमी सरका बाजूला म्हनताय.”

दोन मिनिटांचं काम होतं. मूळ रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये स्वच्छ पडलेलं होतं. पण सकाळी सकाळी दारात उभं राहून कुणी मला काढा म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, काम माझं, टॅग माझा, नको असेल तर ऐकू नका.

“आमच्या म्हाताऱ्याच्या छातीवर सोताची पाटी ठोकली की तुमी,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पाटी हा शब्द मला झोंबला. वर येऊन मी ते मूळ रेकॉर्डिंग पुसलं. मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं. बरं वाटलं, हे लिहिताना आता लाज वाटते.

आठवड्याने तो परत आला, हात जोडूनच. “आपरेशन झालं. माझंबी चुकलं त्या दिशी. बिनआरोळीचं असंल तर द्या.”

“हार्डडिस्क उडाली,” मी म्हणालो.

तो माझीच समजूत घालायला लागला. “आसूं द्या. मशीनचं काय, उडायचीच.” चहासुद्धा न घेता गेला. मी नंतर पुसलेल्या फाइली परत आणायची खटपट केली, पण तोवर त्या जागेवर दोन लग्नांची गाणी बसली होती.

दोनेक महिन्यांनी त्याचा फोन आला. रविवारी बिरोबाच्या देवळात तो स्वतः ओवी म्हणणार होता, आणि आबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. म्हाताऱ्याने माफ केलं असेल, असं मी धरून चाललो आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

म्हातारा पुढेच बसला होता, गळ्याभोवती उपरणं. मुलाने ढोल घेतला आणि ओवी धरली. मोबाइलवर ऐकून ऐकून त्याने ती पाठ केली होती. माझ्या आरोळीखाली गेलेले शब्द, ओळ परत येते त्यातून आणि म्हाताऱ्याच्या ओठांवरून, त्याने जुळवले होते. मी सुटलो असं मला वाटलं. मग नावं आली. तिसऱ्या नावानंतर तो थांबला. ढोलही थांबला.

म्हाताऱ्याने काठी उचलून माझ्याकडे रोखली.

मुलगा म्हणाला, “आबांचं म्हननं हाय, हितं तुमी हुता. तवा हितलं तुमीच म्हना. दोन नावं हायत. आमी घरची समदी लई डोकं फोडलं, आमाला कळंनात. आबांना दात न्हाईत, ल्ह्यायलाबी येत न्हाय.”

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं झालं असतं, मला शिव्यांना उत्तर देता येतं. मी म्हणालो, “हार्डडिस्क उडाली नव्हती. तुम्ही भांडून गेलात, म्हणून मी रागाने पुसलं.”

मुलाचे हात ढोलावरच राहिले. “मी आबांना सांगितलं हुतं,” तो हळूच म्हणाला, “मानूस चांगला हाय, मशीन उडाली म्हनून.”

म्हातारा काठी टेकत उठला आणि माझ्या अगदी पुढ्यात आला. माझी हनुवटी धरून त्याने माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवले, एक नाव, मग दुसरं. कानावर जगणारा माणूस मी, नुसता बघत राहिलो. त्याने पुन्हा, आणखी सावकाश, ती नावं घेतली. मला एकही कळलं नाही. त्याने हनुवटी सोडली, तोंड घट्ट मिटलं आणि मुलाला हाताने खूण केली. मुलाने सहाव्या नावापासून ओवी उचलली.