झोपलेला थ्रेड
परवा तापलेल्या इस्त्रीचा वास आला आणि तसाच तापल्या यंत्राचा वास असलेली, सत्तरच्या दशकातली, सोलापुरातल्या आमच्या हापिसातली कॉम्प्युटरची खोली आठवली बघा. त्या यंत्राला दोन प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारे दोन मेंदूच, आणि प्रत्येकाला त्याचा एकेक थ्रेड बांधून दिलेला, म्हणजे त्याला सोडून कुठंही न जाणारं काम. एक प्रोसेसर दुरुस्तीला काढायचा होता, आणि आधी त्याचा थ्रेड थांबवून मग तो बंद करायचा प्रोग्राम मी लिहिलेला. धूळ नको म्हणून साहेबांनी मला आत ठेवून बाहेरून कडी लावली. "जमलं नाही, तर या खोलीत परत बाई नको," म्हणाले. मी आज्ञा दिली आणि सगळं गप्प. तासभर पदरानं घाम पुसत बसले. "बाई, झालं का?" शिपाई दारामागून ओरडला. "होतंय की!" मग प्रोग्रामचे कागद चाळताना दिसलं. थ्रेडसाठी थांबायचा निरोप मी ठेवला होता, पण तो काम नसल्यानं झोपलेला, त्याला उठवलंच नव्हतं, आणि प्रोग्राम त्याच्या होकारासाठी अडून बसलेला. हातानं आज्ञा देऊन त्याला उठवलं, तसा प्रोसेसर बंद झाला. कडी निघाली. "काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं. "यंत्र अडकलं होतं, साहेब." पुढं त्या खोलीत आणखी दोघी आल्या. आज सांगते, यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं, माझंच चुकलं होतं.