कुंकू लागलेली फ्लॉपी

सलीमचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. चष्मा कपाळावरच होता, हे नंतर कळलं. "सेक्रेटरीसाहेब, आपा गेली," तो म्हणाला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "परत सांग." त्यानं परत सांगितलं. तेच शब्द, तसेच...  दुःखाची बातमी कुणी असं परत वदवून घेतं का? पण ही सवय मुळात माझी नव्हे. ती नजमाआपाची. जिच्या जाण्याची बातमी होती, तिनंच ती सवय मला लावली होती.

नजमाआपा केजची. तिचे वडील आणि भाऊ सलीम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे आणि त्या दुकानाच्या वरच्या खोलीत हिचा टायपिंगचा क्लास होता. पुढं टायपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. सगळं केज तिला आपा म्हणायचं, म्हणून वयानं मोठा असून मीही म्हणू लागलो. मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. युसूफ वडगावच्या थोडं अलीकडं आमचं गाव. सभेचं इतिवृत्त टाइप करून घ्यायला पहिल्यांदा तिच्याकडं गेलो, तर कागद बाजूला ठेवून तिनं विचारलं, "सेक्रेटरी, दुधातली फॅट नेमकी कुटं असती? वर तरंगती का सगळ्या दुधात फिरती?" मी आयुष्यभर फॅट मोजत आलो होतो, पण ती कुठं असते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चिडलोच थोडा. म्हटलं, बाई, कागद टाइप कर. तिनं केला. त्यात दोन चुका माझ्या होत्या, त्याही तिनं विचारून विचारून दुरुस्त केल्या. तिच्या हातून काम लवकर सुटायचं नाही, कारण मधेच "कावून?" म्हणजे "का?" यायचं. गिऱ्हाईक वैतागायचं आणि तरी पुन्हा तिच्याकडंच जायचं.

सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा अध्यक्षांनी पेढे वाटले. दूध भांड्यात ओतलं की फॅट पडद्यावर आणि पावती हातात. हातानं फॅट काढायचं जुनं सामान अध्यक्षांनी त्याच आठवड्यात हौसेनं तालुक्याला परत धाडलं. कॉम्प्युटर चालू व्हायचा तो एका फ्लॉपीवर. सकाळी ती काळी, चपटी, चौकोनी वस्तू खाचेत सारायची, यंत्र घरघरायचं आणि मग दुधाचं पान उघडायचं. ही बातमी आपाला लागली, तशी ती एसटीनं आली आणि थेट म्हणाली, "ह्या फ्लॉपीची दुसरी कुटं हाय?" अध्यक्षांच्या पुतण्यानं अभिमानानं कपाटातून दुसरी काढून दाखवली. त्यानं सगळ्या फायली तिच्यावर उतरवून ठेवल्या होत्या. आपानं ती खाचेत घालून बघायची परवानगी मागितली. अध्यक्ष म्हणाले, आज नको, मुहूर्त चांगला चाललाय. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, ह्यानं घरातलं सामान आनलंय, पर दरवाजा तिथंच सोडलाय." कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. अध्यक्ष मात्र दिलदार माणूस, त्यांनी खरी फ्लॉपी तिला एका दुपारपुरती नेऊ दिली.

त्या दुपारी तिनं काय केलं असेल, ते मी पुढं डोळ्यांनी पाहिलं. तिच्याकडं एक चिमुकला प्रोग्रॅम होता. त्याला चित्र नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची बस्स. तो फ्लॉपीवरच्या फायली वगैरे बघतच नाही. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जे असेल ते, भरलेलं असो की मोकळं, जसंच्या तसं उतरवून घेतो. त्याला ती छबी म्हणायची. ती छबी नव्या फ्लॉपीवर तशाच एका ओळीनं उमटवायची. कॉम्प्युटर सुरू करणारा जो मजकूर फ्लॉपीच्या अगदी तोंडाशी असतो, तो फाईल नसतोच, म्हणून पुतण्याच्या नकलेत तो आलाच नव्हता. तिचा दरवाजा तो हा. "पर मोकळी जागा कावून उतरवायची?" असं मी एकदा तिच्याच भाषेत विचारलं, तर इतकी खूश झाली की चहा पाजला. म्हणाली, "मोकळी हाय का न्हाई, हे आपुन कोन ठरवनार?"

त्या वर्षी पावसानं ऑगस्टातच पाठ फिरवली. कडबा संपला, जनावरं उसाच्या वाढ्यावर आली, प्यायचं पाणी टँकरनं. दूध निम्म्यावर आलं, पण गावात रोख पैसा येत होता तो तेवढाच. त्यात जिल्ह्याच्या दूधवाल्यांनी बजावलं होतं, की तुमचं दूध थोडं, एक खेप जरी रिकामी गेली तर आमची गाडी तुमच्या रस्त्यानं येणार नाही. अशात खंडेनवमी आली. अध्यक्षांनी रीतसर सगळ्याची पूजा केली. काटा, कॅन, फॅटचं यंत्र, कॉम्प्युटर. मग फ्लॉपी ताटात ठेवली, तिला हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या आणि श्रद्धेनं वरची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीलाही कुंकवाचं बोट लावलं. भक्तीत कसूर नको! दसऱ्याच्या सकाळी पुतण्यानं ती खाचेत सारली. यंत्र नेहमीसारखं घरघरलं नाही, खरखरलं. पडदा काळाच. पुतण्याची नक्कल घातली, तीही गप्प. कंपनीचा माणूस सणाला गावी गेलेला. दारात बायका केटल्या घेऊन उभ्या आणि ऑक्टोबरचं ऊन चढत चाललेलं.

मी जीप काढून केजला गेलो. तिला सण नव्हता, दुकान उघडंच होतं. हळदीकुंकवाचं ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "आतपर्यंत लावलं?" एवढंच कुतूहलानं विचारून तिनं आपल्या कॉम्प्युटरवर जपलेली छबी काढली, कोरी फ्लॉपी घातली, ओळ लिहिली. खाचेतून कुरकुर आली, आकडे सरकले, संपलं. मी हात पुढं केला. तर म्हणे, थांबा. लिहिलेलं तिनं परत वाचून घेतलं आणि दोन्ही छब्या एकमेकींशी ताडून बघितल्या. पडद्यावर भराभर रांगा पडल्या. "फरक हाय. ही फ्लॉपी खराब." दुसरी घातली. पुन्हा कुरकुर, पुन्हा वाचणं. फरक हाय. मी न राहवून म्हणालो, "अगं आपा, दे तशीच! बायका उन्हात हायेत, दूध नासायलंय. गाडी दुपारी येऊन मोकळी गेली तर गावाचं काय?"

"तशीच दिली आन् तिथं चालली न्हाई, तर पुना येयाल का हितवर?" तिनं मान वर न करता विचारलं. "लिहिलं म्हंजी झालं न्हाई, सेक्रेटरी. लिहिनारा प्रोग्रॅम खोटं बोलतो असं न्हाई, पर त्याला म्हाईत नसतं."

तिसरी घातली. तेवढा वेळ मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल. मुलाच्या निकालाचीसुद्धा नाही. शेवटी पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली आणि आपा मोठ्यानं म्हणाली, "फरक न्हाई!" खाली दुकानात सलीमनंही तेच ओरडून सांगितलं. त्या घरात ती आरोळी बहुधा रोजचीच होती.

ती जीपमध्ये बसून स्वतः आली. फ्लॉपी मात्र हातात दिली नाही. आधी कॉम्प्युटरची खाच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, बोळा लालपिवळा होऊन निघाला, तो तिनं अध्यक्षांना दाखवला. अध्यक्षांनी भाबडेपणानं त्याला नमस्कार केला. मग फ्लॉपी आत गेली, घरघर आली आणि दुधाचं पान उघडलं. गाडी आली तेव्हा कॅन भरलेले होते. सगळे नव्हे. कौसाबाई रांगेत पहिली होती, तिची केटली पहाटेची. ती तिथंच उभी राहून म्हणाली, "तुमचं येंत्र सुरू झालं, माझं दूध गेलं."  आपा तिच्यापाशी गेली, केटलीत डोकावली आणि म्हणाली, "मावशी, मला तिसरी लागली म्हनून उशीर झाला. पर पयली दिली असती तर समद्यांचंच गेलं असतं." कौसाबाईनं केटली उचलली आणि ती घराकडं वळली. गाडी मात्र आमच्या रस्त्यानं येत राहिली, पुढची कितीतरी वर्षं.

नंतर फ्लॉप्या गेल्या, सोसायटीत नवं यंत्र आलं, आपाच्या क्लासच्या जागी मोबाईलचं दुकान झालं. ती मात्र काही सांगितलं की म्हणायचीच, "काय सांगितलं, सांगा बरं परत." डॉक्टरांनाही सोडलं नाही, असं सलीम सांगतो. शेवटचं भेटलो तेव्हा ती खाटेवर होती, आवाज उतरलेला. उशाखालचा स्टीलचा डबा तिनं माझ्याकडं सरकवला. आत एकच फ्लॉपी. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर अध्यक्षांच्या बोटाचं कुंकू, आता तपकिरी पडलेलं. खंडेनवमीचीच ती! मी विचारलं, खराब झालेली जपून काय करायचं?

"खराब हाय हे कुनी सांगितलं? म्या चकती भाईर काढून धुतली, वाळवली, परत घातली. वाचून बघायची राहिली बगा... खाचवालं मशीनच कुटं मिळंना." मग दम घेऊन म्हणाली, "न्या तुमी. खंडेनवमीला पुजा हवी तर. फूल ठेवा, हळदीकुंकू लावू नका. काय सांगितलं?"

मी म्हटलं, "फूल ठेवायचं, हळदीकुंकू लावायचं नाही."

"फरक न्हाई," ती म्हणाली आणि डोळे मिटून हसली. मला वाटलं, दमली असेल. पुढच्या भेटीचं काही बोललोच नाही.

परवा खंडेनवमी झाली. विळा, खुरपं, माझी सायकल आणि शेवटाला ती फ्लॉपी, असं सगळं पाटावर मांडलं होतं. आमची मंडळी हळदीकुंकवाचं बोट घेऊन तिच्याकडं वळली, तसा मी ओरडलो, "तिला नको! फूल ठेव नुसतं."

"कावून?" ती म्हणाली.

घरात आमच्या हा शब्द रोजचाच, पण त्या क्षणी तो आपाचाच वाटला. कसंबसं सगळं सांगितलं. झडप, चकती, वाचून बघायची राहिलीय ते. आणि सवयीनं म्हणालो, "काय सांगितलं, सांग बरं परत."

"म्हातारपनी शाळा लावली का माझी?" असं म्हणून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग हळूच म्हणाली, "फूल ठेवायचं. हळदीकुंकू लावायचं न्हाई. अजून वाचायची राहिलीया."

तिनं झेंडूचं एक फूल फ्लॉपीशेजारी, जरा अंतर सोडूनच, ठेवलं. "फरक न्हाई," असं मला मोठ्यानं म्हणायचं होतं, केजच्या दुकानात खाली सलीमला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पण मी नुसती मान हलवली.