चिंचेचा पुरावा

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आदिवासींच्या वनजमिनीचं रक्षण करणारा कायदा जिवंत आहे! बेलापूरच्या एका कचेरीत, पंख्याखाली, मी त्याला स्वतः पाहिलं.

मी एका दाखल्यासाठी तिथं खेटे घालत होतो. शेजारी एक कातकरी म्हातारी असायची. बाक सोडून खाली उकिडवी बसलेली. दर खेपेला पदराची गाठ सोडून ती साहेबांपुढं मूठभर चिंचा ठेवी. साहेब चिंच चोखत तिच्या जमिनीचा दावा चाळत.

परवा त्यांनी बोटं पुसली. "आजी, सासऱ्यानं चिंच लावली, तेव्हापासून तिथं राहतो म्हणता. पण जागेच्या पाहणी अहवालात तिथं झाडच नाही. दावा नामंजूर."

कधी आवाज न चढवणारी म्हातारी ताडकन उठली,

"झाड नाय, तर तीन वर्सं खाल्लंस काय रं?"